झोपेत अडकणारा श्वास हृदयाच्या नोंदींतून कसा ओळखायचा

झोपायच्या आधी बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, सकाळी उठल्यावर पुन्हा लावायचा, दोन्ही वेळा ९७ दिसला की 'नुसतं घोरणं आहे, बाकी काही नाही' म्हणून विषय मिटवायचा. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत घराघरांत हेच चालतं, आणि त्यातून काहीच कळत नाही. स्लीप ॲप्निया असलेल्या माणसाचाही श्वास जागेपणी व्यवस्थित चालतो. बिघाड होतो तो झोप लागल्यावर, आणि तेव्हा आकडा बघायला कोणी जागं नसतं.

आत घडतं ते असं. झोपेत घशाची वाट मिटते, छाती ओढत राहते, पण हवा आत जात नाही. असं किमान १० सेकंद झालं की त्याला ॲप्निया म्हणतात. या वेळात नाडी सहसा मंदावते आणि रक्तातला ऑक्सिजन उतरू लागतो. मग मेंदू अर्धवट जागा होतो, मोठा घोरका येऊन श्वास सुटतो आणि नाडी उसळते. मिनिटाभरात हेच चक्र पुन्हा सुरू. सकाळी त्या माणसाला यातलं काही आठवत नाही. हृदयाच्या नोंदीत आपल्याला शोधायचं आहे ते हे चक्र. 'सगळ्यात कमी ऑक्सिजन किती झाला' हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

खालचे टप्पे याच क्रमाने घ्या. रेकॉर्डिंग हातात आल्याबरोबर आकडे वाचायला बसलात, तर चुकायची शक्यता फार.

## टप्पा १ : ही पद्धत त्या माणसाला लागू पडते का, ते आधी बघा

नाडीच्या चढउतारावरून श्वास ओळखायचा, तर नाडी मुळात नियमित हवी. एट्रियल फिब्रिलेशन असलेल्या रुग्णाची नाडी सतत वेडीवाकडी असते, त्यामुळे हे चक्र तिच्यात दिसत नाही. पेसमेकर बसवलेल्यांचे बरेच ठोके यंत्र ठरवतं, तिथेही नाडीचा उपयोग नाही. अशा दोघांच्या बाबतीत ऑक्सिजनची रेघ तेवढी वाचायची.

बीटा ब्लॉकर (नाडी मंद ठेवणाऱ्या) गोळ्या घेणारे, बरीच वर्षं मधुमेह असलेले आणि म्हातारी माणसं यांच्यात चक्र असतं, पण नाडीच्या लाटा दबलेल्या असतात. तिथे 'लाट दिसली नाही, म्हणजे आजार नाही' असं म्हणता येत नाही.

लहान मुलांना ही रीत लावू नका. त्यांचे निकष वेगळे आहेत.

मोठ्या माणसांसाठी 'स्टॉप-बँग' ही आठ प्रश्नांची यादी आधी भरून घ्या: मोठ्याने घोरणं, दिवसा थकवा, झोपेत श्वास थांबलेला कोणी पाहिला आहे का, उच्च रक्तदाब, बीएमआय ३५ च्या वर, वय ५० च्या वर, मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर, आणि पुरुष असणं. तीन किंवा जास्त 'हो' आले तर रेकॉर्डिंग करण्यात अर्थ आहे. पाच किंवा जास्त आले तर घरी खटपट करत बसण्यापेक्षा मी सरळ डॉक्टरांकडे जायला सांगेन. बायकांच्या बाबतीत ही यादी थोडी आंधळी आहे. त्यांच्यात घोरण्याऐवजी 'झोप लागत नाही', 'सकाळी डोकं जड असतं' अशाच तक्रारी पुष्कळदा असतात, म्हणून गुण कमी आले तरी तक्रार सोडून देऊ नका.

खबरदारी: छातीत दुखणं, भोवळ येऊन पडणं, बसल्या जागी धाप लागणं, यांतलं काही असेल तर रात्रीच्या रेकॉर्डिंगची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा.

## टप्पा २ : साधन निवडा

कोविडच्या वेळी घेतलेला बोटाचा चिमटा बहुतेक घरांत पडून आहे. त्याला मेमरी नसते. तो रात्रभर बोटाला लावला तरी सकाळी हाती काही उरत नाही, शिवाय तासाभरात बोट दुखू लागतं. लागतो तो रेकॉर्डिंग ऑक्सिमीटर, बोटाला मऊ टोपी किंवा अंगठी आणि मनगटाला छोटं यंत्र असलेला. दर सेकंदाला एक नोंद आणि सरासरीचा काळ ३ सेकंद किंवा त्याहून कमी, या दोन गोष्टी विकत किंवा भाड्याने घेण्याआधी विचारून घ्या. यंत्र १०-१२ सेकंदांची सरासरी काढत असेल तर छोट्या घसरणी त्यात विरघळून जातात आणि अहवाल खोटा चांगला येतो.

होल्टर, म्हणजे २४ तासांचा ईसीजी, हे दुसरं साधन. त्यात ठोक्यांमधलं अंतर नेमकं मिळतं. शिवाय श्वासाबरोबर छाती हलते तशी ईसीजीच्या टोकांची उंची बदलते, आणि त्यावरून श्वासाचा अंदाज बांधता येतो. घरात चक्कर किंवा धडधडीसाठी कधी काढलेला होल्टर असेल तर ती फाईल आधी शोधा. पहिल्या पानावरचा किमान, कमाल आणि सरासरी नाडीचा तक्ता इथे निरुपयोगी आहे. रात्री ११ ते पहाटे ५ पर्यंतचा नाडीचा आलेख हवा, आणि तो ज्यांनी होल्टर लावला त्यांच्याकडे मागावा लागतो.

बोटाच्या रक्तवाहिन्यांच्या आकुंचनावर चालणारी 'पॅट' प्रकारची घरगुती तपासणीही आहे. अर्धजागृतीच्या क्षणी बोटातल्या वाहिन्या आवळतात, ते ती टिपते. प्रोस्टेट किंवा रक्तदाबासाठी अल्फा ब्लॉकर गोळी चालू असेल तर आधी सांगा, कारण त्या गोळीने हाच सिग्नल बिघडतो.

घड्याळांबद्दल हल्ली सगळेच विचारतात. ॲपल वॉचचं श्वासाच्या अडथळ्याचं फीचर मनगटाच्या सूक्ष्म हालचालींवर चालतं, नाडीवर नव्हे, आणि निष्कर्ष ३० दिवसांच्या नोंदींवरून काढतं. सॅमसंगचं फीचर ऑक्सिजनच्या उतारांवरून, दहा दिवसांतल्या दोन रात्री बघून सांगतं. दोन्ही मध्यम ते तीव्र आजाराची शंका दाखवण्यासाठी आहेत, निदानासाठी नाहीत. घड्याळाने इशारा दिला तर तो गंभीरपणे घ्या. इशारा दिला नाही, तर त्याचा काही अर्थ लावू नका.

## टप्पा ३ : रात्र निवडा

पावसाळ्यातल्या सर्दी-पडशात रेकॉर्डिंग करू नका. नाक चोंदलेलं असताना सगळेच घोरतात.

दारूचा मुद्दा गोव्यात टाळता येत नाही. दारूने घशाचे स्नायू सैलावतात आणि श्वास अडकणं वाढतं. उर्राकाच्या (काजूच्या हंगामी दारूच्या) दिवसांत घरातलं माणूस रोज संध्याकाळी बसत असेल, तर एकाच रात्रीवरून निष्कर्ष काढू नका. एक रात्र अजिबात न पिता रेकॉर्ड करा, एक नेहमीसारखी करा, आणि कोणती कोणती ते लिहून ठेवा. लपवून ठेवलेल्या दोन पेगमुळे डॉक्टरांचा सगळा अंदाज चुकतो. झोपेच्या गोळीलाही हाच नियम. मात्र ती किंवा दुसरी कुठलीही चालू गोळी फक्त रेकॉर्डिंगसाठी बंद करायची नाही.

वेर्णे किंवा कुंडईच्या कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्यांनी आपली खरी झोप ज्या वेळी असते त्याच वेळी रेकॉर्ड करावं, मग ती दुपारची का असेना. यंत्राला दिवस-रात्र कळत नाही, पण रात्रपाळी संपवून आलेल्या माणसाला उगाच रात्री झोपवलं तर तो नुसता कूस बदलत राहतो.

एका रात्रीत भागत नाही, किमान दोन हव्यात. काही जणांचा श्वास फक्त उताणं झोपल्यावर अडकतो, काहींचा पहाटेच्या स्वप्नांच्या झोपेत. म्हणून गजर तीनला लावून यंत्र काढून ठेवणं म्हणजे नेमका कामाचा भाग फेकून देणं.

## टप्पा ४ : संध्याकाळची तयारी आणि लावणं

आधी घड्याळं जुळवा. ऑक्सिमीटर, होल्टर, मोबाईल, तिन्हींची वेळ एकच हवी. हे पाच मिनिटांचं काम बहुतेक जण सोडून देतात, आणि मग ऑक्सिजनचा उतार एका वेळेला, नाडीची उसळी तिसऱ्याच वेळेला दिसते.

नखांवरचं रंगरोगण काढा. मेंदी असेल तर दुसरं बोट घ्या. ज्या हाताने जास्त काम करता तो सोडून दुसऱ्या हाताचं मधलं किंवा अनामिका बोट बरं. वायर बोटाच्या मागच्या बाजूने नेऊन मनगटाजवळ कागदी चिकटपट्टीने हलकी धरा. पट्टी बोटाभोवती आवळली तर रक्तप्रवाहच मंदावतो आणि रात्रभर खोटे आकडे येतात. यंत्राचा अलार्म बंद करा. दर उताराला तो वाजला तर माणूस उठतो, श्वास घेतो, आणि जे पकडायचं तेच निसटतं.

होल्टरचे इलेक्ट्रोड ही गोव्याच्या हवेतली वेगळी डोकेदुखी. मार्च ते जून घामाने ते सुटतातच. आंघोळ लावण्याआधी उरका, त्या जागेवर तेल, पावडर, क्रीम काही नको, केस असतील तर काढा, कोरड्या फडक्याने घासून पुसा. खोलीत पंखा किंवा एसी नेहमी असतो तसाच ठेवा. फार गारठा नको. हात थंड पडले की बोटाचा सिग्नल क्षीण होतो.

उशाशी मोबाईल ठेवून आवाज रेकॉर्ड करा. घोरणं, मग शांतता, मग दचकून घेतलेला श्वास, हा आवाज पुढे वाचनात फार उपयोगी पडतो, आणि त्याला खर्च काही नाही.

तपासून बघा: बोट स्थिर ठेवून यंत्र पाच मिनिटं चालवा. नाडीचा आकडा मनगटावर मोजलेल्या नाडीशी जुळतो का? जुळत नसेल तर बोट बदला. हे न करता झोपू नका.

## टप्पा ५ : सकाळी आधी वही, मग पडदा

आकडे बघायच्या आधी लिहून ठेवा: दिवे किती वाजता मालवले, झोप अंदाजे कधी लागली, लघवीला किती वेळा उठणं झालं, कोणत्या कुशीवर झोपलात, डोकं दुखतंय का. आकडे बघितल्यावर आठवण त्यांच्याप्रमाणे वळते, म्हणून हा क्रम.

मग दर्जा तपासा. स्वच्छ सिग्नल किमान ४ तासांचा हवा. ऑक्सिजन एका सेकंदात ९५ वरून थेट ६० वर पडला आणि पुढच्या सेकंदाला परत ९५ झाला, तर ते बोट हलल्याचं लक्षण आहे, श्वासाचं नव्हे. खरी घसरण उतारासारखी काही सेकंद घेत खाली येते. खोटे तुकडे वगळा, आणि त्यांचा वेळही एकूण वेळातून वजा करा.

## टप्पा ६ : वाचन

पूर्ण रात्र एका पडद्यावर बघितली की सगळं दाट गवतासारखं दिसतं आणि कोणालाही काहीही दिसू शकतं. दहा मिनिटांचा तुकडा मोठा करा. आधी ऑक्सिजनची रेघ बघा, नाडी नंतर.

अडथळ्याच्या ॲप्नियात ऑक्सिजन हळूहळू उतरतो आणि झटकन चढतो, पुन्हा उतरतो, पुन्हा चढतो. करवतीच्या दातांसारखी ही आकृती एकदा ओळखता आली की विसरत नाही. एखाद-दुसरा सुटा दात कोणाच्याही रात्री सापडतो. दहा मिनिटांत आठ-दहा दात ओळीने आले तर ती बातमी.

आता त्याच तुकड्यात नाडी बघा. तीही लाटांनी चालते का: मंद, मग अचानक वर, मग परत खाली? एका लाटेला साधारण अर्धा ते दीड मिनिट लागतं. इथे तीन गोष्टींची गल्लत होते.

पहिली म्हणजे साध्या श्वासाबरोबर होणारा नाडीचा चढउतार. निरोगी तरुण माणसात श्वास घेताना नाडी वाढते, सोडताना कमी होते. पण त्याचं एक आवर्तन तीन ते पाच सेकंदांचं असतं. ते ॲप्नियाचं चक्र नव्हे.

दुसरी, झोपेत पाय झटकण्याची सवय. तिच्यातही नाडी दर २०-४० सेकंदांनी उसळते आणि होल्टरवर अगदी ॲप्नियासारखी दिसते. फरक एवढाच की ऑक्सिजनची रेघ सपाट राहते. नुसत्या होल्टरवरून ठाम बोलू नये ते यासाठी.

तिसरी गल्लत वेळेची. श्वास परत सुरू झाला की नाडी लगेच उसळते, पण ताजं रक्त फुप्फुसातून बोटापर्यंत यायला १० ते ३० सेकंद लागतात. म्हणून बोटावर ऑक्सिजन सगळ्यात खाली दिसतो तो श्वास सुरू झाल्यानंतर, पुष्कळदा नाडी वर असतानाच. 'ऑक्सिजन कमी आणि नाडी जास्त, म्हणजे यंत्र बिघडलं' असं समजून रेकॉर्डिंग पुसून टाकू नका. हृदय कमजोर असलेल्यांत हा उशीर आणखी वाढतो.

लाटा गोलसर, सारख्या, दर मिनिटाला किंवा त्याहूनही सावकाश येत असतील आणि माणसाला हार्ट फेल्युअर असेल, तर तो वेगळा प्रकार असू शकतो. घसा मोकळा असतो, मेंदूकडून येणारा श्वासाचा हुकूमच कमी-जास्त होत असतो. तो हृदयरोगतज्ज्ञांना दाखवायचा.

खबरदारी: अशा रुग्णासाठी श्वासाला मदत करणारं यंत्र ऑनलाईन मागवून परस्पर लावू नका. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या सर्व्ह-एचएफ चाचणीत, हृदयाची पंपिंगची क्षमता ४५ टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या आणि मुख्यतः मेंदूकडून येणारा ॲप्निया असलेल्या रुग्णांत, एएसव्ही प्रकारच्या (श्वासाप्रमाणे हवेचा दाब आपोआप बदलणाऱ्या) यंत्राने हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढल्याचं दिसलं.

फिटनेस ॲपवरच्या 'एचआरव्ही' आकड्याचंही एक सांगून टाकतो. ॲप्नियात नाडी रात्रभर वरखाली होत असल्यामुळे नाडीतली एकूण विविधता फुगलेली दिसू शकते, आणि ॲप तिला शाबासकी देतं. त्या आकड्याकडे या कामासाठी बघूच नका.

## टप्पा ७ : हिशेब

ऑक्सिजन आधीच्या पातळीपेक्षा ३ टक्के किंवा जास्त किती वेळा घसरला, ते मोजायचं आणि चांगल्या रेकॉर्डिंगच्या तासांनी भागायचं. याला ओडीआय म्हणतात. काही यंत्रं ४ टक्क्यांची घसरण धरतात, त्यांचा आकडा कमी येतो. म्हणून निकष कोणता ते आकड्याशेजारी लिहायलाच हवं.

भागाकारातली चूक फार महागात पडते. समजा ११८ घसरणी आहेत आणि चांगला सिग्नल ६ तास २० मिनिटांचा आहे. उत्तर तासाला १८.६. तोच माणूस अंथरुणात ८ तास होता म्हणून आठने भागलं, तर १४.८. झोपेच्या तपासणीत तासाला ५ ते १५ अडथळे म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. एका चुकीच्या भाजकाने माणूस मध्यममधून सौम्यमध्ये गेला.

आणि हे गट मुळात एएचआयचे आहेत, ज्यात नाकातली हवा आणि छातीची हालचाल मोजून अडथळे मोजतात. ओडीआय त्याच्या जवळपास जातो, पण तो एएचआय नव्हे. सडपातळ आणि तरुण माणसं ऑक्सिजन उतरायच्या आतच अर्धवट जागी होतात. त्यांचा ओडीआय ४ येतो आणि दिवसा मात्र ती गाडी चालवताना पेंगतात.

सावळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतो. तेव्हा '९१ आहे, ९० च्या वर आहे ना' असलं समाधान करून घेऊ नका. घसरणी कितीदा झाल्या ते मोजा.

## टप्पा ८ : कोणता निकाल घेऊन कुठे जायचं

करवतीचे दात आणि नाडीच्या लाटा दोन्ही दिसल्या तर शंका पक्की, निदान अजून बाकी. नुसत्या ऑक्सिमीटरवर मोठ्या माणसांचं निदान करत नाहीत. पॉलिसोम्नोग्राफी (रात्रभराची सविस्तर झोपेची तपासणी) किंवा हवा, छाती आणि ऑक्सिजन एकत्र मोजणारी घरगुती तपासणी लागते. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) छातीरोग किंवा नाक-कान-घसा विभागात दाखवा. जवळच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असली तर बोलणं सोपं जातं.

दात नाहीत, पण ऑक्सिजन रात्रभर ९० च्या खालीच सपाट राहिला, तर हे फुप्फुसाचं किंवा लठ्ठपणामुळे श्वास उथळ होण्याचं लक्षण असू शकतं. हे प्रकरण लांबवू नका.

होल्टरवर झोपेत ठोका काही सेकंद थांबलेला दिसला आणि पेसमेकरचा विषय निघाला, तर 'झोपेची तपासणी आधी करायची का?' हे विचारा. अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात: रात्री नाडी मंदावणाऱ्यांत ॲप्निया शोधावा, कारण त्याच्या उपचाराने असे खंड कमी होऊ शकतात.

तीन-तीन गोळ्या घेऊनही रक्तदाब हटत नाही, किंवा २४ तासांच्या मोजणीत तो रात्री नेहमीसारखा १० ते २० टक्के उतरत नाही, आणि रेकॉर्डिंग मात्र साफ आलं, तरी तपासणी मागा. साफ रेकॉर्डिंगने ॲप्निया नाकारता येत नाही.

डॉक्टरांकडे जाताना मोबाईलवरचा स्क्रीनशॉट पुरत नाही. दोन्ही रात्रींचे पूर्ण अहवाल, दहा मिनिटांचे दोन-तीन स्पष्ट तुकडे छापून, टप्पा ५ मधली वही, गोळ्यांची यादी आणि घोरण्याचा आवाज, एवढं न्या. ट्रक, बस किंवा टॅक्सी चालवत असाल तर ते पहिल्या वाक्यात सांगा. परवाना जाईल या भीतीने चालक हेच लपवतात.

## टप्पा ९ : उपचार सुरू झाल्यावर

सीपॅप (मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र) लागला तर काही आठवड्यांनी, मास्क लावलेला असताना, त्याच ऑक्सिमीटरने, त्याच बोटावर पुन्हा एक रात्र रेकॉर्ड करा. ऑक्सिजनची आणि नाडीची, दोन्ही रेघा सपाट व्हायला हव्यात. रात्रीच्या पहिल्या भागात सपाट आणि पहाटे पुन्हा दात, असं दिसलं तर मास्क झोपेत निघतोय किंवा गळतोय. यंत्राच्या स्वतःच्या मेमरीत गळतीची नोंद असते, ती त्याच तारखेशी ताडून बघा. गळती नसूनही लाटा कायम असतील, तर दाब स्वतः वाढवू नका. दोन्ही रात्रींचे, आधीचे आणि आताचे, तुकडे शेजारी ठेवून तज्ज्ञांना दाखवा.